लंडन ते नागपूर, सकाळी अकराच्या आत

"लंडन ते नागपूर अंतर किती?" बोधनकर साहेबांनी विचारलं.

"लंडन ते मुंबई साधारण सात हजार दोनशे किलोमीटर," मी म्हटलं. "पुढे मुंबई ते नागपूर, विमानाच्या वाटेनं, सातशेच्या आत. म्हणजे आठ हजारांना थोडं कमी."

"आणि वेळ?"

"लंडन-मुंबई थेट विमान असेल तर नऊ तास. मुंबई-नागपूर सव्वा तास. पण मधे मुंबईत किती बसावं लागतं, त्यावर सगळं आहे."

टाइपरायटरवरच्या बाईंचं 'सव्वा तास' टाइप होईपर्यंत आम्ही सगळे थांबलो. मार्च महिना होता, १९८६ सालचा. नागपुरातल्या एका कॉलेजच्या सभागृहात चौकशी चालली होती. कॉलेजचं नाव सांगत नाही. ते अजून आहे, तिथं मुलं शिकतात. बोधनकर साहेब निवृत्त जिल्हा न्यायाधीश. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेनं त्यांना चौकशी अधिकारी नेमलं होतं. संस्थेच्या बाजूनं वकील उमाळकर, मी जिथं नोकरीला होते त्या विमान कंपनीचं जुनं वेळापत्रक हातात घेऊन उभे. साक्षीला मी. आणि टेबलाच्या पलीकडे, एकटेच, प्राचार्य साल्पेकर. चौकशी त्यांची होती.

आरोप असा की सप्टेंबर १९८२ मध्ये सतरा तारखेला सकाळी अकरा वाजता कॉलेजात प्राध्यापकांच्या मुलाखती झाल्या, निवड समितीचे अध्यक्ष म्हणून साल्पेकरांच्या सह्या कागदांवर आहेत, पण साल्पेकर तेव्हा नागपुरात नव्हतेच. ते लंडनला परिषदेला गेले होते. सह्या मागाहून केल्या, मुलाखती झाल्याच नाहीत, आपली माणसं भरून घेतली. समितीतला एक सदस्य वारला होता. दुसरा म्हणत होता, माझ्याकडे कागद घरी आणून सह्या घेतल्या. ज्यांची निवड झाली ते म्हणत होते, सर होते. पण त्यांच्या नोकऱ्याच त्या सह्यांवर उभ्या, त्यांचं कोण ऐकणार?

साल्पेकर म्हणत होते, मी सोळाला लंडनहून निघालो आणि सतराला सकाळी अकराच्या आत कॉलेजात होतो.

उमाळकरांनी पासपोर्ट उचलला. "सर, प्राचार्य सांगतात, सोळा तारखेला दुपारी बाराला विमान सुटलं. साक्षीदार बाई सांगतात, नऊ तास लागतात. बारा आणि नऊ एकवीस. म्हणजे रात्री नऊला हे मुंबईत पाहिजेत, सोळा तारखेलाच. पासपोर्टवर मुंबईचा शिक्का सतराचा आहे. इथंच खोटं पकडलं जातं."

बोधनकर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"शिक्का बरोबर आहे साहेब," मी म्हटलं. "बारा वाजले ते लंडनच्या घड्याळात. तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेचार झालेले असतात. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं. साडेचारात नऊ मिळवा, रात्रीचा दीड होतो. तारीख बदलली."

"हिवाळ्यात?"

"साडेपाच तास मागे. पण सप्टेंबरात साडेचारच."

बोधनकर साहेबांनी कागदावर हिशेब करून पाहिला, मान हलवली. उमाळकर खाली बसले. साल्पेकरांनी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. छप्पन वर्षांचा माणूस, केस सगळे पांढरे, कोटाच्या बाहीची शिवण उसवलेली. नजरेत आभार होते. मी नजर वेळापत्रकावर ठेवली.

"ठीक," बोधनकर साहेब म्हणाले. "म्हणजे सतराला पहाटे दीड वाजता हे मुंबईत. तिथून अकराच्या आत नागपूर. कसं?"

उमाळकर पुन्हा उठले. "सर, रेल्वेला पंधरा तास लागतात. मोटारीनं त्याहून जास्त. राहिलं विमान. बाई, तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे मुंबईहून नागपूरला रोज किती विमानं होती?"

"एक."

"किती वाजता?"

"संध्याकाळी पावणेसहाला सुटायचं. सातला सोनेगावच्या विमानतळावर उतरायचं."

"म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे हे गृहस्थ सतरा तारखेला संध्याकाळी सातच्या आधी नागपुरात पाऊल ठेवू शकत नव्हते?"

"वेळापत्रकाप्रमाणे, नाही."

"लिहून घ्या," उमाळकर टायपिस्ट बाईंना म्हणाले. 'वेळापत्रकाप्रमाणे' हा शब्द त्यांनी टाइप केला की नाही, मी पाहिलं नाही.

आमच्या मॅनेजरांनी निघताना मला बजावलं होतं. जितकं विचारतील तितकंच सांगा, त्यांच्या भांडणात कंपनीला ओढू नका. त्यांनी सोबत एक पत्रही दिलं होतं. तीन वर्षांपूर्वीचे उड्डाणांचे आणि प्रवाशांचे कागद नियमाप्रमाणे नष्ट केले जातात, सबब त्या दिवसाची माहिती उपलब्ध नाही. ते पत्र खोटं नव्हतं. कागद खरंच नव्हते. त्या वेळचे आमचे स्टेशन मॅनेजर हैदराबादला वारले होते, लोडर बदलून गेले होते. त्या सकाळचं जे काही शिल्लक होतं ते माझ्या डोक्यात होतं, आणि ते सगळं होतं.

आदल्या संध्याकाळचं, म्हणजे सोळा तारखेचं विमान मुंबईत बिघडलं होतं. ते रात्रभर तिथंच राहिलं. निम्मे प्रवासी कंटाळून रेल्वेनं निघून गेले. सतराला सकाळी सव्वासातला ते उडालं आणि साडेआठला सोनेगावला उतरलं. काउंटरवर मी होते. शेवटून तिसरा प्रवासी लांब ढांगा टाकत माझ्याकडे आला. अंगात गरम कोट, नागपूरच्या सप्टेंबरात. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"बाई, टॅक्सी मिळेल का एखादी? अकराला मुलाखती आहेत कॉलेजात. चार मुलं बाहेरगावाहून आली असतील, मला पोचलंच पाहिजे."

मी फोन करून टॅक्सी मागवली. तोवर ते काउंटरला टेकून उभे राहिले. एका घोटात पाणी प्यायले आणि आपणहून बोलत सुटले. जागरणानं माणूस बोलका होतो. मुंबईत पहाटे दीडला उतरलो, बाकावर बसून राहिलो, सकाळी कळलं की कालचं विमान आत्ता जातंय आणि जागा रिकाम्या आहेत. "सात हजार किलोमीटर आलो हो, आणि पुढच्या सातशेला अडकत होतो."

मी म्हटलं, "नशीबवान आहात."

टॅक्सी आली. त्यांनी हसून हात जोडले आणि गेले. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. मी मात्र त्यांना विमानाच्या जिन्यावरून उतरतानाच ओळखलं होतं.

आता सभागृहात बोधनकर साहेबांनी साल्पेकरांना विचारलं, "तुम्हाला साक्षीदाराला काही विचारायचंय?"

साल्पेकर उठले. त्यांनी वकील घेतला नव्हता. संस्थेच्या नियमात वकील फक्त संस्थेला होता.

"मॅडम," ते म्हणाले, "सोळा तारखेचं विमान बिघडून मुंबईत राहिलं होतं. ते सतराला सकाळी निघालं. मी त्यात होतो. साडेआठला उतरलो. हे मी सुरुवातीपासून सांगतोय, पण माझ्याकडे तिकिटाचा तुकडाही नाही. चार वर्षांनी कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं."

"प्रश्न विचारा," उमाळकर म्हणाले.

"विचारतो. मॅडम, तुम्ही त्या वेळी सोनेगावलाच नोकरीला होता ना?"

"हो."

"सतरा तारखेला सकाळी काउंटरवर एक बाई होत्या. त्यांनी मला टॅक्सी बोलावून दिली होती. पाणी दिलं होतं." ते थांबले. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "त्या दिवशी सकाळी मुंबईहून विमान आलं होतं का? आणि मी त्यात होतो का?"

सभागृहात पंखा फिरत होता. टायपिस्ट बाईंची बोटं वर थांबली होती. साल्पेकर माझ्याकडे बघत होते. घाबरून नाही, विनवणी करूनही नाही. शिक्षक उत्तर येणाऱ्या विद्यार्थ्याकडे बघतो तसं.

मी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

बोधनकर साहेब पुढे झुकले. "असं विमान आलं नव्हतं, असं म्हणताय?"

"तसं म्हणत नाही साहेब. मला आठवत नाही."

साल्पेकर उभेच होते. त्यांनी एकदाच मान हलवली, फार हळू, आणि खाली बसले. "आणखी काही विचारायचं नाही," ते म्हणाले.

मी सही केली. शरयू मोहरीर, सहायक, प्रवासी विभाग. बाहेर पोर्चमध्ये आले तेव्हा माझे हात अगदी स्थिर होते. मला वाटलं होतं कापतील.

खरं म्हणजे त्या चौकशीला मी जाणारच नव्हते. मॅनेजर आमच्या ऑफिसातल्या तांबेंना पाठवणार होते. पत्रावर साल्पेकर हे नाव वाचलं आणि मीच म्हटलं, त्या वेळी सोनेगावला मी होते, मी जाते. त्यांना बरंच वाटलं.

मोहरीर माझं सासरचं नाव. माहेरची मी देवतळे. माझे बाबा याच कॉलेजात गणित शिकवायचे आणि परीक्षेचं काम बघायचे. १९६७ सालच्या फेब्रुवारीत एका शनिवारी वर्ध्याहून तार आली, माझे आजोबा अत्यवस्थ. परीक्षेचे पेपर ज्या कपाटात होते त्याची किल्ली बाबांकडे असायची. हाताखाली एक तरुण प्राध्यापक होते, साल्पेकर. बाबांनी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि स्टेशन गाठलं. सोमवारी आजोबांना पोचवून बाबा परत आले तेव्हा पेपर गावभर झाले होते.

तेव्हाही चौकशी झाली होती. याच सभागृहात. बाबा म्हणाले, किल्ली मी साल्पेकरांना दिली होती, त्यांनाच विचारा. साल्पेकरांना विचारलं. ते म्हणाले, "किल्ली दिल्याचं मला आठवत नाही." नाही दिली असं नाही म्हणाले. बाबा घरी येऊन ते वाक्य आईला परत परत सांगायचे. जेवताना, अंघोळीला जाताना, अर्धी दाढी झालेली असताना. "आठवत नाही म्हणाला गं. त्याच्या हातावर ठेवली मी."

बाबांना काढलं. गणिताच्या शिकवणीला ज्यांची मुलं यायची त्यांनी मुलं काढून घेतली. सीताबर्डीच्या बाजारात लोक समोरून येताना दुकानात शिरायचे. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. ते सोडलं आणि टायपिंग शिकले. दोन वर्षांनी बाबा गेले. शेवटी शेवटी त्यांनी बोलणंच बंद केलं होतं. एक दिवस फक्त मला जवळ बोलावून विचारलं, "तुझा तरी विश्वास आहे ना?" अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला बापानं हे विचारावं.

चौकशीहून मी घरी आले तेव्हा दुपारचे तीन झाले होते. माझे यजमान भिलाईला नोकरीला होते. घरात आई आणि मी. आई अंगणात जुन्या लुगड्यावर कुरडया घालत होती.

"काय विचारलं?" तिनं मान वर न करता विचारलं.

"त्या सकाळी विमान आलं होतं का, आणि साल्पेकर त्यात होते का."

"होते?"

"होते. मीच टॅक्सी बोलावून दिली होती."

"मग काय सांगितलं तू?"

"मला आठवत नाही म्हटलं."

आईच्या हातातला सोऱ्या थांबला. चीक लोंबत राहिला आणि तुटून खाली पडला. तिनं माझ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत मी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. तरुण दिसली एकदम.

"हात धुऊन ये," ती म्हणाली. "ते टोक धर. ऊन उतरायच्या आत एवढं संपवू."

मे महिन्यात निकाल लागला. साल्पेकरांना बडतर्फ केलं. वर्तमानपत्रात आतल्या पानावर फोटोसकट बातमी आली. पुढे एकदा सीताबर्डीवर मी त्यांना पाहिलं. कॉलेजातले दोन प्राध्यापक समोरून येत होते. ते चपलांच्या दुकानात शिरले. साल्पेकर सरळ चालत गेले. मी पलीकडच्या फुटपाथवर थांबून ते शेवटपर्यंत पाहिलं, आणि मला बरं वाटलं. हे मी आता म्हातारपणी का लपवू? फार बरं वाटलं.

जुलैत एका दुपारी ते आमच्या शहरातल्या ऑफिसात आले. पाऊस थांबला होता, गर्दी नव्हती. माझ्या काउंटरसमोरच्या खुर्चीवर बसले. छत्री पायाशी ठेवली.

"कुठं जायचंय?" मी विचारलं. सवयीनं तोंडातून गेलं.

"कुठंच नाही. तुम्ही देवतळे सरांची मुलगी."

मी समोरचं वेळापत्रक मिटलं.

"तुम्ही सरांसारखाच चष्मा पुसलात तेव्हा खात्री झाली. पण संशय आधीच आला होता. ते लंडनच्या घड्याळाचं गणित तुम्ही मांडलंत ना, ते त्यांचंच मांडणं."

"मग तिथंच सांगायचं होतं," मी म्हटलं. "ही बाई माझ्यावर डूख धरून आहे, हिची साक्ष घेऊ नका. बोधनकरांनी ऐकलं असतं."

"डूख कशाबद्दल, हे विचारलं असतं त्यांनी."

तेवढंच ते म्हणाले. शेजारच्या काउंटरवर तांबे कोणालातरी कलकत्त्याच्या वेळा सांगत होते.

"एक विचारू?" मी म्हटलं. "मी कोण याचा संशय आला होता, तरी मलाच का विचारलंत? विमान आलं होतं का म्हणून?"

"देवतळ्यांची मुलगी खोटं बोलणार नाही असं वाटलं."

मी पेन खाली ठेवलं. "म्हणजे बाबा खरं बोलत होते हे तुम्हाला माहीत होतं."

"मला नाही तर कोणाला माहीत असणार?"

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि काउंटरवर ठेवला. "हे घ्या. बदल्यात काही मागायला आलो नाही. तुम्ही काही लिहा असंही म्हणत नाही. फार उशीर झाला, पण आहे ते आहे."

छत्री घेऊन ते गेले. कागद त्यांच्या हातचा होता, सुंदर वळणदार अक्षर. फेब्रुवारी १९६७ मध्ये देवतळे यांनी परीक्षेच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. ती मी त्याच दिवशी संस्थेच्या तेव्हाच्या सचिवांच्या पुतण्याला दिली. त्यांनी मागितली आणि मला नाही म्हणवलं नाही. माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. देवतळे निर्दोष होते. मी चौकशीत आठवत नाही म्हणालो. मला आठवत होतं. खाली सही, तारीख.

मी त्याच आठवड्यात रजा घेऊन तो कागद उमाळकरांकडे नेला. संस्थेनं निदान एक ठराव करावा, बाबांचं नाव मोकळं करावं, एवढंच माझं म्हणणं होतं. मी कोणाची मुलगी हे कळल्यावर उमाळकर जरा दचकले. पण कागद त्यांनी शांतपणे दोनदा वाचला.

"बाई," ते म्हणाले, "ही सही कोणाची आहे?"

"साल्पेकरांची."

"खोट्या सह्या करतो म्हणून ज्याला आम्ही दोन महिन्यांपूर्वी बडतर्फ केलं, त्याची. तुमच्याच साक्षीवर. आता याच माणसाच्या सहीवर मी संस्थेला ठराव करायला सांगू? लोक हसतील. सूड म्हणून संस्थेची बदनामी करतोय म्हणतील." त्यांनी कागद परत केला. "तो प्रामाणिक आहे असं आधी ठरलं असतं तर गोष्ट वेगळी."

मी रिक्षा न करता चालत घरी आले. तो प्रामाणिक आहे असं ठरायला काय लागणार होतं? एक कागद. माझा. त्या सकाळी विमान आलं होतं, साल्पेकर त्यात होते, मी त्यांना पाहिलं. चार ओळी. बोधनकर साहेब जिवंत होते, अपील करायला अजून मुदत होती. साल्पेकरांचं नाव मोकळं झालं की बाबांचंही होणार होतं. तसंच बांधलेलं होतं ते, एकाचं एकात.

घरी आल्यावर मी कोरा कागद काढला, पेन घेतलं. आईला सगळं सांगितलं. साल्पेकरांचं पत्र तिनं चष्मा लावून वाचलं, बोट ओळीखालून फिरवत. मग माझ्यापुढच्या कोऱ्या कागदाकडे तिनं पाहिलं.

"आता तू काय लिहून राहिली?" तिनं विचारलं.

"विमान आलं होतं म्हणून. ते लिहिलं तर बाबांचं नाव..."

"तुझ्या बाबांना माहीत होतं," आई म्हणाली. "मला माहीत होतं. आता त्यानं पण कबूल केलं. आणखी कोणाला सांगायचं आहे? जे चपलांच्या दुकानात शिरायचे, त्यांना?"

"पण आई, त्यांनी स्वतः लिहून दिलं. न मागता."

"किती वर्षांनी दिलं?"

"एकोणीस."

"मग तू काहून घाई करून राहिली?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. पत्राची घडी तिनं होती तशी घातली, बाबांच्या लॉगरिदमच्या पुस्तकात ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली.

मी पेनाला टोपण लावलं.

साल्पेकर १९९२ साली गेले. त्यांचं अपील फेटाळलं गेलं होतं. बातमी आली नाही, तांबेंनी सांगितलं. आई १९९६ साली गेली. मी निवृत्त झाले. यजमान भिलाईहून परत आले आणि आम्ही दोघं त्याच घरात राहिलो.

२००५ सालच्या जुलैत, साल्पेकरांच्या पत्राला एकोणीस वर्षं पुरी झाली त्या दिवशी, मी सकाळी अंघोळ करून बसले आणि चार ओळी लिहिल्या. तारीख, विमान, वेळ, मी पाहिलं. साल्पेकरांचा मुलगा शिरीष धरमपेठेत राहतो एवढं माहीत होतं. त्याच्या पत्त्यावर पाठवल्या.

चौथ्या दिवशी तो आला. पंचेचाळिशीचा असेल. दारातच उभा राहिला. हातात माझा कागद.

"हे तुम्ही लिहिलं?"

"हो. आत या."

"तुम्हाला हे आत्ता आठवलं?"

"नाही," मी म्हटलं. "मी विसरलेच नव्हते."

"माझे वडील जाऊन तेरा वर्षं झाली, बाई. शेवटची सहा वर्षं ते घराबाहेर पडत नव्हते. माझी आई त्या विमान कंपनीला पत्र लिहीत राहिली. कोणाला तरी आठवत असेल म्हणायची. आणि तुम्हाला आठवत होतं."

"हो."

"का?"

मी आत गेले. लॉगरिदमच्या पुस्तकातून घडी काढली, आणून त्याच्या हातात दिली. त्यानं उभ्यानं वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला तो पायरीवर बसला. वाचून झाल्यावरही कागद तसाच धरून राहिला, अक्षरावरून अंगठा फिरवत. मी पाणी आणून ठेवलं. ते त्यानं घेतलं नाही.

"आम्हाला कधी सांगितलं नाही त्यांनी," तो शेवटी म्हणाला. मग उठला आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून घडी घालायला लागला.

"माझा न्या," मी म्हटलं. "तो नाही."

"हे माझ्या बाबांचं अक्षर आहे."

"आहे. पण कागद माझ्या बाबांचा आहे."

मी हात पुढे केलेला होता. त्यानं वडिलांच्या अक्षरातला कागद सोडवला, माझ्या हातावर ठेवला आणि फाटक न लावता निघून गेला.